आजोबांची दुनळी रायफल माझ्याकडे आली आहे, कुठून सुरुवात करू?

रानवाटा

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आजोबांची दुनळी रायफल वारशाने माझ्याकडे आली आहे. परवाना रीतसर माझ्या नावावर झालाय, त्यामुळे तो विषय इथे नको. शॉटगन नाही, रायफलच आहे, दोन्ही नळ्यांत पीळ स्वच्छ दिसतो. नळ्या शेजारी शेजारी, बाहेर दोन घोडे, दोन चाप. उघडायची पट्टी वर नाही, चापाच्या कडीला बिलगून खालून आहे. ती उजवीकडे ढकलली की नळ्या खाली झुकतात.

अवस्था अशी. नळ्यांचा काळा रंग जाऊन तपकिरी झालाय, मधल्या पट्टीच्या कडेकडेने तांबूस गंज. दस्ता जवळजवळ काळा पडलाय, लाकूड लोखंडाला भिडतं तिथे तर डांबर फासल्यासारखा. मुठीवरचं चेकरिंग, म्हणजे पकडीसाठी कोरलेली आडव्यातिडव्या रेषांची जाळी, गुळगुळीत. उजव्या घोड्याच्या मागे लाकडात केसाएवढी चीर. एका स्क्रूची खाच कुणीतरी पार चेपून टाकलीये. बाकी लोखंडावरचं कोरीवकाम अजून देखणं आहे.

सोबत काडतुसांचा जुना डबा मिळाला. त्यावर '.४५०' एवढंच वाचता येतं. त्यात एक वाजवलेली रिकामी पुंगळी आहे, ती दोन्ही नळ्यांत चपखल बसते.

मनात असं आहे: नळ्या पुन्हा काळ्याभोर करायच्या, दस्ता नव्यासारखा चमकवायचा, आणि एकदा तरी दोन्ही नळ्या वाजवून बघायच्या. कामाचा क्रम कसा लावू?

निवांत

पहिला!

फोटू नसल्याने धागा फाऊल धरण्यात येत आहे.

रानवाटा

@निवांत, सगळ्या भागांवर क्रमांक आहेत, ते चव्हाट्यावर नकोत म्हणून फोटो मुद्दाम टाकले नाहीत. विचाराल ते बघून सांगते.

कानस

ताई, सोपं आहे. सगळं खोला, लोखंडी भाग बफिंगला लावा, मग हॉट ब्लूइंग करून घ्या. एका दिवसात नळ्या आरशासारख्या काळ्या होतात. दस्त्याला पॉलिश पेपर मारून जुनं सगळं खरवडून काढा आणि वर पीयू (पॉलियुरेथेन वार्निश) मारा, जन्मभर बघायला नको. माझी उभी हयात टूलरूममध्ये गेली, लोखंडाची भीती बाळगू नका.

पोलादी

थांबा, थांबा. रानवाटाताई, कानसरावांचा प्रतिसाद वाचून काहीही हातात घेतलं असेल तर खाली ठेवा.

कानसराव, राग मानू नका. तुम्ही सांगताय ते एकनळी, अलीकडच्या कारखान्यात बनलेल्या बंदुकीला चालून जाईल. दुनळी रायफल हे वेगळंच प्रकरण आहे. त्या दोन नळ्या एका अखंड लोखंडातून निघालेल्या नसतात. दोन स्वतंत्र नळ्या, वर एक पट्टी, खाली एक पट्टी, तोंडापाशी मधोमध एक पाचर, आणि हे सगळं कथिल-शिशाच्या सोल्डरने एकत्र धरलेलं असतं. हॉट ब्लूइंगची टाकी म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं उकळतं द्रावण. ते सोल्डरची वाट लावतं. बफिंगचं तर नावच नको. कोरीवकामाच्या रेषा बोथट होतात, कडांना गोलाई येते, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात. गेलेली धार कुठल्याही पैशाने परत येत नाही.

पण हे सगळं नंतरचं. आधीचा प्रश्न असा की ही रायफल नेमकी आहे काय? ते कळेपर्यंत रंग, पॉलिश, बार काही नाही. तुम्ही एवढंच करा:

उघडा. दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का बघा. जुन्या बंदुकीत काय अडकून राहिलं असेल सांगता येत नाही. मग नळ्यांखालचा लाकडी तुकडा, म्हणजे फोर-एंड, काढा आणि नळ्या सांगाड्यापासून वेगळ्या करा. नळ्या उलट्या धरल्यात की चेंबरच्या खालच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतील. मऊ फडक्याला थोडं तेल लावून पुसा, भिंग घ्या, आणि दिसेल ते जसंच्या तसं इथे लिहा. खरवडू नका.

डब्यातल्या भरलेल्या काडतुसांना अजिबात हात लावू नका, उघडून बघायचा विचारही नको. ती अधिकृत माणसाकडे सोपवायची.

शंकासुर

@पोलादी, एक शंका. हॉट ब्लूइंगची टाकी साधारण १४० अंश सेल्सिअसला चालते. कथिल-शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ च्या आत वितळत नाही. मग वाट कशी लागते?

पोलादी

@शंकासुर, शंका रास्त आहे. वितळत नाहीच. ते खाल्लं जातं. गरम कॉस्टिक कथिल आणि शिसं दोन्ही विरघळवतं. शिवाय पट्टीखाली पोकळी असते. सोल्डरला कुठे बारीक भोक असलं की ते क्षार आत शिरतात आणि मग कितीही धुतलंत तरी पूर्ण निघत नाहीत. पुढे काही वर्षं आतल्या आत गंज चालू राहतो, बाहेरून रंग झकास.

भुंगा

+१. प्रत्यक्ष पाहिलंय. ओळखीतल्या एकांनी आपली दुनळी शॉटगन अशीच एका कारागिराकडे टाकीत बुडवायला दिली. परत आली तेव्हा दिसायला नवीकोरी. पुढच्या पावसाळ्यात पट्टीच्या सांध्यातून पांढरं काहीतरी फुलून यायला लागलं, मग तपकिरी पाणी, आणि शेवटी वरची पट्टी अर्धी उचकटली. नाव घेत नाही, त्या कारागिराचा धंदा चालू आहे.

कानस

राग नाही हो पोलादी. सोल्डरचा मुद्दा मान्य. आमच्याकडे सोल्डरचा जॉब टाकीत जायचाच नाही, त्यामुळे डोक्यात आलं नाही. पण मग या नळ्या काळ्या व्हायच्या कशा?

पोलादी

संथ गंजवून. रस्ट ब्लूइंग. चांगल्या दुनळ्यांची पद्धत आजही हीच.

नळ्यांची तोंडं आणि चेंबर बुचांनी बंद करायची. पृष्ठभाग तेलाचा अंशही राहणार नाही इतका स्वच्छ करायचा. त्यावर आम्लाचं सौम्य द्रावण अगदी पातळ, एकसारखं पुसायचं आणि दमट हवेत टांगून ठेवायचं. बारीक, मखमलीसारखा लाल गंज चढतो. मग नळ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळायच्या. तो लाल गंज उकळीत काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. वरची सुटी काजळी अतिशय बारीक तारेच्या ब्रशने झाडायची. पहिल्या फेरीनंतर नळी राखाडी दिसते, माणूस निराश होतो. फेऱ्या वाढत जातात तसा रंग खोल होत जातो. उकळत्या पाण्याचं तापमान १०० अंश, त्यामुळे सोल्डर सुखरूप.

चमक येत नाही. यायलाही नको. मूळचा रंग असाच मंद, निळसर काळा असतो. आरशासारखी काळी दुनळी दिसली की समजावं कुणीतरी हौस भागवून घेतलीये.

रानवाटा

ठसे सापडले! कोळ्याच्या जाळ्याखाली होते.

दोन्ही नळ्यांवर सारखेच आहेत. एका ठशात मुकुट, खाली फुलीसारखे दोन राजदंड, त्यांच्या कोनांत बी, पी, सी अशी अक्षरं. दुसराही तसाच पण त्यात व्ही. बाकी क्रमांक आहे, एक-दोन बारीक आद्याक्षरं आहेत. मधल्या पट्टीवर निर्मात्याचं नाव आणि लंडन हा शब्द अर्धवट वाचता येतो.

डब्यावर .४५० आणि नळीवर लंडन, म्हणजे ही .४५० नायट्रो एक्सप्रेस ना? तसं वाचलं होतं म्हणून विचारते. डबा उन्हात तिरका धरला तर खाली 'कॉर्डाइट' असंही पुसट दिसतंय.

पोलादी

ताई, तुमच्या या प्रतिसादाचीच वाट बघत होतो. आता सविस्तर लिहितो, कारण या धाग्यातला जीवावर बेतणारा भाग हाच आहे.

तुम्ही लिहिलेले ठसे लंडनचे नाहीत, बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे आहेत. १८१३ साली कायद्याने स्थापन झालेली ही संस्था. नळ्या मुद्दाम जास्तीच्या दारूने वाजवून त्या टिकल्या तरच ठसा मारायची. लंडनच्या ठशात मुकुटाखाली जी आणि पी गुंफलेली असतात. पट्टीवर लंडन आणि खाली बर्मिंगहॅमचा ठसा यात फसवणूक नाही. लंडनच्या कितीतरी दुकानदारांचा माल बर्मिंगहॅममध्येच बनायचा.

फुलीचे राजदंड आणि बीपीसी ही जोडी १९०४ पर्यंतची. त्या वर्षापासून नियम बदलले आणि मुकुटाखाली बीपी, बीव्ही, तर नायट्रो, म्हणजे धूरविरहित दारूसाठी (कॉर्डाइट तिचाच एक प्रकार) एनपी असे ठसे आले. तुमच्याकडे एनपी नाही. 'नायट्रो प्रूफ' अशी अक्षरं नाहीत. कॉर्डाइट रायफलींवर बहुधा दारूचं आणि गोळीचं वजनही कोरलेलं असतं, .४५० असेल तर कॉर्डाइट ७० आणि गोळी ४८० ग्रेन (ग्रेन हे दारू-गोळी तोलायचं बारीक वजन). तेही नाही. म्हणजे ही काळ्या दारूची रायफल आहे, .४५० ब्लॅक पावडर एक्सप्रेस. बाहेरचे घोडे आणि उघडायची खालची पट्टी याला जुळतंच. ती पट्टी हेन्री जोन्सच्या १८५९ च्या पेटंटमधली. पुढे वरच्या पट्ट्या आल्या तरी रायफलवाल्यांनी ही सोडली नाही, कारण तिची पकड जबरदस्त.

आता गोम ऐका. रिगबीने १८९८ साली .४५० नायट्रो एक्सप्रेस आणलं तेव्हा पुंगळी जुनीच ठेवली, काळ्या दारूच्या .४५० ची, सव्वातीन इंच लांबीची. म्हणजे बाहेरून मापं तीच. जुन्या काडतुसात साधारण १२० ग्रेन काळी दारू आणि हलकी गोळी. नव्यात ७० ग्रेन कॉर्डाइट आणि ४८० ग्रेनची गोळी, दाब कितीतरी जास्त. नवं काडतूस जुन्या रायफलमध्ये सुळकन जातं. रायफल तक्रार करत नाही. तक्रार करते ती बार उडाल्यावर.

तुमच्या डब्यात कॉर्डाइटची काडतुसं असतील तर ती याच चेंबरमध्ये चपखल बसतील आणि या नळ्या त्यांच्यासाठी कधी तपासल्याच गेलेल्या नाहीत. पुंगळी बसते यावरून काही म्हणजे काही सिद्ध होत नाही.

निवांत

बापरे. अंगावर काटा आला. वाखुसा (वाचनखूण साठवली).

शंकासुर

माहितीपूर्ण. पण एनपी नाही म्हणजे नायट्रो नाहीच, हे सरसकट म्हणता येईल? मागाहून पुन्हा प्रूफ करून घेतलेली असू शकते.

पोलादी

असू शकते, पण मग नंतरच्या काळातला ठशांचा दुसरा संच दिसायला हवा. ताईंनी लिहिलेल्यात नाही. शंका असेल तर फायदा नेहमी कमी दाबाला द्यायचा.

चेंबरचं नेमकं माप हवं असेल तर जाणकार माणूस सेरोसेफ नावाच्या मिश्रधातूचा साचा घेतो. तो ७० ते ९० अंशांच्या दरम्यान वितळतो, ओतल्यावर आधी किंचित आकसतो आणि मग हळूहळू फुगून साधारण तासाभराने चेंबरच्या बरोबर मापावर येतो. मोजायचं ते तेव्हा. .४५० च्या घराण्यात इतक्या भावकीतल्या पुंगळ्या आहेत की नुसत्या डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नये.

ढगफुटी

एवढा अभ्यास, एवढं कौतुक, आणि शेवटी वस्तू कशासाठी बनलेली? जनावरं मारायला. असल्या वस्तूंचं जतन का करावं हा प्रश्न कुणालाच पडत नाही का?

रानवाटा

@ढगफुटी, मला पडला होता. आजोबांनी उतारवयात शिकार सोडली, पण रायफलला तेलपाणी करणं सोडलं नाही. मला शिकार करायची नाहीये. पण ज्याने हे कोरीवकाम केलं त्याचे हात मला दिसतात, आणि ते गंजून जाऊ द्यावंसं वाटत नाही. पटलं नाही तरी हरकत नाही.

@पोलादी, डबा आजच सोपवायची व्यवस्था करते. दंडवत घ्या.

सुतारपक्षी

लोखंडावर बरंच झालं, आता लाकडाकडे वळू. कानसकाका, पीयूचं नाव काढलंत तर मी धागा सोडून जाईन. :)

ताई, दस्ता अक्रोडाचा असणार. काळा पडलाय तो वयाने नाही, तेलाने. बंदूक उभी ठेवली की यंत्रातलं तेल वर्षानुवर्षं खाली झिरपत लाकडाच्या तोंडात मुरतं. तिथलं लाकूड मऊ होतं, आणि बार उडाल्यावर धक्का नेमका तिथेच बसतो. तुमची चीर बहुधा याचीच देणगी. म्हणून क्रम असा: आधी तेल बाहेर, मग चीर, मग बाकी. तेलकट लाकडात कुठलाही गोंद धरत नाही.

तेल काढायला खडूची बारीक भुकटी अॅसिटोनमध्ये कालवून दाटसर लेप करा आणि काळ्या भागावर थापा. अॅसिटोन आत जाऊन तेल सैल करतो, उडून जाताना ते भुकटीत ओढून आणतो. पांढरा लेप वाळता वाळता पिवळट, मग तपकिरी होतो. ब्रशने झाडा, पुन्हा थापा. लेप पांढराच राहायला लागला की थांबा. उघड्या हवेत करा, आसपास ज्योत नको.

चिरेत पातळ इपॉक्सी आतवर शोषली जाईल अशी भरायची आणि दोरीने आवळून ठेवायचं. पण चीर का पडली ते शोधल्याशिवाय नुसती भरू नका. लोखंडी शेपटी जिथे दस्त्यात संपते, तिथे तिच्या मागे लाकडाला किंचित मोकळीक हवी. ती नसेल तर प्रत्येक धक्क्याला ती पाचरीसारखी लाकूड फाडत जाते. काजळी लावून लोखंड बसवलं की कुठे टेकतं ते काळं उमटतं. हे बघायला मात्र कारागीरच हवा.

पॉलिश पेपर दस्त्याला लावायचा नाही. मूळ कामात लाकूड लोखंडापेक्षा पुसटसं वर ठेवलेलं असतं, बोट फिरवलं की कळतं. एकदा घासलंत की ते लोखंडाच्या खाली जातं आणि मग जन्मभर ती कड डोळ्याला खुपते. दबलेले खड्डे ओलं फडकं ठेवून गरम इस्त्रीच्या टोकाने वाफ दिली की वर येतात. तंतूच तुटलेले असतील तर येत नाहीत, ते तसेच राहू द्या.

चेकरिंग गुळगुळीत आहे म्हणालात. आधी जुना टूथब्रश आणि थोडं टर्पेंटाइन घेऊन घासून बघा. बरेचदा रेषा झिजलेल्या नसतात, हाताच्या मळाने बुजलेल्या असतात.

रानवाटा

@सुतारपक्षी, टूथब्रशचा प्रयोग लगेच केला. डावीकडच्या रेषा टोकदार निघाल्या! उजवीकडे मात्र खऱ्याच झिजल्यात.

शेवटचा हात कशाचा द्यायचा?

सुतारपक्षी

जवसाच्या तेलाचा, पण पक्कं तेल घ्या. कच्चं वाळता वाळत नाही. त्यात रतनजोतीची मुळं भिजत घातली तर तेलाला तांबडा रंग चढतो आणि अक्रोडाचे काळे पट्टे उठून दिसतात. जुन्या इंग्रज दस्त्यांची ती लाली याचीच. बोटावर थेंबभर घेऊन तळव्याने घासायचं, गरम होईपर्यंत, आणि जास्तीचं पुसून टाकायचं. पातळ थर, भरपूर धीर. चेकरिंगवर तेलाचे थर चढवू नका, तिथे शेवटी ब्रशने एकदाच.

एक महत्त्वाचं. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपसूक पेट घेतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

कानस

हे पेट घेण्याचं खरं आहे, कारखान्यात त्यासाठी झाकणाचा वेगळा डबा असायचा.

ताई, त्या चेपलेल्या स्क्रूबद्दल माझ्याकडून घ्या, यात तरी मी उपयोगी पडेन. बाजारातल्या पेचकसाचं पातं उताराचं असतं, ते खाचेत फक्त वरच्या कडेला टेकतं आणि वर चढून येतं. या बंदुकांच्या खाचा अतिशय अरुंद आणि सरळ कडांच्या. पात्याच्या दोन्ही बाजू घासून समांतर करा, खाचेत हलवून हलणार नाही इतकं घट्ट माप. आधी भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा. फिरवताना पेचकसावर अंगाचा भार हवा. चेपलेल्या खाचेचे उठलेले काठ काढण्याआधी छोट्या हातोडीने हलकेच परत आत बसवता येतात. आणि प्रत्येक स्क्रू कुठल्या भोकातला ते लिहून ठेवा, पुठ्ठ्यावर चित्र काढून त्यात टोचून ठेवलेत तर उत्तम.

पोलादी

कानसराव, शंभर टक्के. त्यात भर एवढीच: या रायफलीत स्क्रूच्या खाचा नळीच्या रेषेत, एका दिशेला लावलेल्या असतात. प्रत्येक स्क्रू त्याच्या भोकात पूर्ण आवळला की खाच बरोबर त्या रेषेत यावी असा घासून बसवलेला असतो. अदलाबदल झाली की खाचा वेड्यावाकड्या दिसतात आणि जाणकार लांबूनच ओळखतो की इथे कुणाचा तरी हात फिरलाय.

घोड्याच्या यंत्रातली व्ही आकाराची मोठी स्प्रिंग मात्र घरी काढू नका. तिला दाबून धरायचा खास चिमटा लागतो. निसटली तर स्प्रिंग मोडते, नाहीतर बोट.

आता नळ्यांची एक परीक्षा, घरी करता येण्यासारखी. फोर-एंड काढून नळ्या वेगळ्या करा. नळ्यांखालच्या लोखंडी आकड्यात (हुकात) बोट अडकवून त्या मोकळ्या टांगा आणि लाकडी चमच्याने हलकेच टोला द्या. सांधे पक्के असतील तर स्वच्छ, लांबणारा नाद येतो. पट्टी कुठे सुटली असेल तर आवाज बद्द होतो किंवा घरघर येते.

रानवाटा

केलं. घरघर येतेय. :( म्हणजे पट्टी सुटली?

शंकासुर

घाई नको. पुंगळ्या बाहेर ढकलणारा तुकडा, एक्स्ट्रॅक्टर, काढला होता का? तो जागेवर सैल असतो आणि टोल्यासरशी थरथरतो. नळीखाली पट्टा अडकवायची कडी असेल तर तीही धरून ठेवा.

रानवाटा

दोन्ही तसंच होतं. एक्स्ट्रॅक्टरचा छोटा स्क्रू काढून तो बाजूला ठेवला, कडीला कागदी टेप लावली, पुन्हा टोला दिला. अहाहा! नाद विरायला कितीतरी वेळ लागला. शेजारच्या खोलीतून आई विचारायला आली, कसली पूजा चाललीये.

शंकासुर, तुमच्या शंकांवरून कुणी चिडलं तर मला सांगा.

पोलादी

शंकासुरा, मानलं.

ताई, ही फार चांगली बातमी आहे, आणि ती का चांगली हे सांगतो. दुनळी रायफलमध्ये सगळ्यात महाग काम कोरीवकाम नाही, रेग्युलेशन. दोन नळ्या समांतर नसतात, तोंडाकडे किंचित जवळ येतात. कारण उजवी नळी उडाली की धक्क्याने रायफल उजवीकडे वळते, डावी उडाली की डावीकडे, आणि गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच हे वळणं सुरू झालेलं असतं. ते धरून दोन्ही गोळ्या ठरावीक अंतरावर शेजारी शेजारी बसाव्यात म्हणून कारागीर बार काढायचा, तोंडाजवळचं सोल्डर तापवून पाचर केसभर सरकवायचा, पुन्हा बार काढायचा. हे सगळं एका ठरावीक दारूसाठी आणि ठरावीक वजनाच्या गोळीसाठी. दारू कमी पडली, गोळी सावकाश निघाली की उजवीची उजवीकडे आणि डावीची डावीकडे फाकते. वेग जास्त झाला तर एकमेकींना ओलांडतात.

म्हणून पट्टी पक्की असेल तर तिला गरम करायची वेळ कुणावरही येऊ देऊ नका, आणि नळीचं तोंड झिजलंय म्हणून कुणी दोन सूत कापू म्हणालं तर त्याला हात जोडा. तोंड कापलं की पाचरही गेली, रेग्युलेशनही गेलं.

भुंगा

नळ्या उघडझाप करताना खिळखिळ्या लागतात का ते बघितलंत का? तेही फोर-एंड काढूनच बघायचं. त्याची स्प्रिंग सांधा आवळून धरते, त्यामुळे ढिलाई लपते.

रानवाटा

बघितलं. उघडायची पट्टी बंद करून नळ्या डावी-उजवीकडे हलवल्या, टक् असा अगदी बारीक आवाज येतो. उजेडासमोर धरलं तर नळ्या आणि मागच्या भिंतीमध्ये पातळशी फट दिसते, केसाएवढीही नसेल.

पोलादी

म्हणजे बिजागरीची झीज. दुरुस्त होण्यासारखी आहे, पण ती दुनळ्यांच्या कारागिराचीच: नवी पिन किंवा नळ्यांच्या आकड्याला नवा धातू देऊन बसवणं. आकडा हातोडीने ठोकून पसरवतो म्हणणारा भेटला तर उलट्या पावली परत या. ते काही बारांपुरतं टिकतं, आणि पुढच्या माणसाचं काम दुप्पट करून ठेवतं.

आणि या फटीमुळे तुमच्या तिसऱ्या इच्छेचंही उत्तर मिळालं. सांधा पक्का होऊन, नळ्या आतून तपासून, पुन्हा प्रूफ होईपर्यंत बार नाही.

सुतारपक्षी

आणि प्रूफ झालं तरी काळ्या दारूचाच बार ना?

पोलादी

एका काळी कारखान्यांनी 'नायट्रो फॉर ब्लॅक' अशी खास काडतुसंही काढली होती, काळ्या दारूच्या दाबाच्या मर्यादेत राहील इतकीच धूरविरहित दारू भरलेली. त्यांचा आधार घेऊन आज काहीजण तसे प्रयोग करतात. मी करणार नाही, कुणाला सांगणारही नाही. काळी दारू वापरली तर रेग्युलेशनही मूळचंच मिळतं, एवढं पुरे.

फक्त नंतर नळ्या लगेच गरम पाण्याने धुवायच्या. काळ्या दारूची काजळी आणि जुन्या टोप्यांमधले क्षार दोन्ही हवेतला ओलावा ओढतात. तेलात ते विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. नुसतं तेल लावून ठेवलेल्या नळ्या आतून खड्डेदार झालेल्या दिसतात त्या यामुळे.

रानवाटा

ठरलं तर मग. सध्या बार नाही. बिजागरी आणि चिरेचं कारण बघायला कारागिराकडे. दस्त्याचं तेल मी काढणार. राहिला नळ्यांचा रंग, त्याचं मन होत नाहीये. हा तपकिरी रंग मला आवडायला लागलाय.

पोलादी

मग ठेवा की! तांबूस, बोटाला लागणारा गंज तेवढा जिवंत असतो. त्यावर तेल सोडा, मुरू द्या, आणि चार शून्यांच्या स्टील वूलने तेलातच अलगद फिरवा. कोरीवकामाजवळ तेही नको, तिथे लाकडी काडीचं टोक. तपकिरी, घट्ट बसलेला थर आहे तो राहू दे, त्याच्याखाली मूळच्या रंगाचे अवशेष असतात. सांगाड्यावर निळे-करडे ढग दिसत असतील तर त्यांना तर फडक्याशिवाय काही लावू नका. हाडांच्या कोळशात भाजून पाण्यात बुचकळल्याने आलेले रंग ते, अतिशय पातळ. पुन्हा आणायचे तर सगळा सांगाडा परत भट्टीत घालावा लागतो आणि तो वाकायची भीती असते.

रानवाटा

आहेत! चापाच्या कडीच्या आत, बोट पोचत नाही तिथे. निळा आणि किंचित जांभळट.

एक शेवटचं. मूळची चामड्याची पेटी आहे, आत लाल कापड. त्यातच ठेवू ना?

भुंगा

पेटी जपा, रायफल त्यात ठेवू नका. चामडं आणि कापड दमटपणा धरून ठेवतात, चामडं कमावताना वापरलेली आम्लंही लोखंडाला मानवत नाहीत. कोरड्या कपाटात, हवा खेळती राहील अशी.

सुतारपक्षी

आणि उभी ठेवणार असाल तर तोंड खाली, दस्ता वर. तोंडाखाली फेल्टचा तुकडा. नाहीतर मी आत्ता काढायला सांगितलेलं सगळं तेल पुन्हा तिथेच जाऊन बसेल.

शंकासुर

घोडे चढवून ठेवायचे की उतरवून?

पोलादी

उतरवून, पण रिकाम्या नळीवर आपटून नाही. चेंबरमध्ये स्नॅप कॅप, म्हणजे दारू नसलेलं खोटं काडतूस, घाला, घोडा अंगठ्याने धरून चाप दाबा आणि सावकाश खाली सोडा. कोरड्या आपटीने टाचण्या (काडतुसाच्या टोपीवर आदळणाऱ्या फायरिंग पिना) मोडतात, आणि या मापाच्या टाचण्या तयार मिळत नाहीत, कराव्या लागतात.

निवांत

कारागिराकडून आल्यावर पुढचा भाग टाका ताई. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). क्रमांक झाकून फोटू टाकलेत तर फाऊल मागे घेण्यात येईल.